ओट्यावरची हजेरी

मार्च सरत आला की आमच्याकडे शाळा सकाळची होते. ऊन चढायच्या आत पोरं घरी परतावीत म्हणून. कुणाला त्या दिवसांत कैऱ्या आठवत असतील, कुणाला परीक्षा. मला घागरी आठवतात. प्लॅस्टिकच्या, स्टीलच्या, एक काठ चेपलेली तांब्याची, सगळ्या विहिरीपासून मारुतीच्या पारापर्यंत रांगेत मांडलेल्या, आणि त्या रांगेच्या मधोमध दगडावर बसलेली माझी दोन पोरं. गावातली बाकीची लेकरं त्या वेळेला शाळेत पाढे म्हणत असायची. माझी पोरं सगळ्या गल्लीच्या घागरी राखायची.

यंदा पुन्हा टँकर सुरू झालाय. आणि परवा नेमका पुण्याहून पुतणीचा फोन आला. म्हणाली, "काकू, आम्ही दोघांनी ठरवलंय, पोराला शाळेत घालायचंच नाही. घरीच शिकवायचं, एकदम साधं राहायचं. तुम्ही तर हे कधीच केलंय ना? मला सगळं सांगा." मी म्हटलं, "घरात नळाला पाणी येतं का चोवीस तास?" ती हसली. तिला वाटलं काकूंचा विनोद. मी विनोद करत नव्हते. साधं राहणं हे घरात नळ असणाऱ्यांचं काम आहे, हे मला त्या एका हंगामानं इतकं घोटून शिकवलंय की कुणी साधेपणाचं नाव काढलं तरी माझे खांदे दुखायला लागतात.

आमचंही असंच ठरलं होतं. पुण्यात कारखान्याच्या भिंतीमागं पत्र्याच्या खोलीत काही वर्षं काढून आम्ही गावी परतलो. गाव नांदूरघाटच्या अलीकडं, फाट्यावरून आत. आमच्या यांनी नांदूरघाटला मोटारी भरायचं दुकान टाकलं. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती खांद्यावर घालून आणायचे, हे ती उघडून आत तांब्याची नवी तार गुंडाळायचे. घरात टीव्ही घ्यायचा नाही, गॅस पाहुण्यांपुरता, दोन जोडी कपडे, मातीची चूल, शेणानं सारवलेली जमीन, आणि लेकरं आपल्या डोळ्यांपुढं. बोलताना हे सगळं फार गोड लागायचं. बोलायचे हे, आणि सारवायचे मी. ही वाटणी कुणी केली होती ते मला अजून कळलेलं नाही.

पण पोरांना घरी शिकवायचं ते माझ्या मनातलं होतं, ते मी कुणावर ढकलत नाही. आमचा धाकटा, सिद्धू, बोलताना अडखळायचा. 'प' आला, 'म' आला की ओठ मिटले ते मिटलेच, आणि मानेची शीर ताठ व्हायची. शाळेतले गुरुजी काही वाईट नव्हते, घाईतले होते. त्याला धडा वाचायला उभं करायचे, तो अडकला की वर्ग हसायचा, वर्ग हसला की गुरुजींना हसू आवरायचं नाही. पुढं पुढं शाळेच्या दिवशी सकाळी त्याला ताप यायला लागला. रविवारी तापाचं नाव नाही. मी डी.एड. झालेली, नोकरी न लागलेली बाई. म्हटलं, हातात विद्या आहे, पोर आपलं आहे, घर आपलं आहे, मग अडलंय कुठं? थोरली करुणा शाळेत हुशार होती, पण धाकट्याला एकट्याला काढलं तर त्याला कमी लेखल्यासारखं होईल म्हणून तिलाही काढलं. ती एक शब्द बोलली नाही. तिच्या न बोलण्याकडं तेव्हा बघायला मला सवड नव्हती.

अडलं ते आबांपाशी. आबा म्हणजे माझे सासरे. सहकारी सूतगिरणीत वॉचमन होते. गिरणीला कुलूप लागल्यावर बंद फाटकाचीही राखण त्यांनी बरेच दिवस केली, नंतर घरी आले. लहानपणी, निजामाच्या राज्यात, त्यांना शाळेत घेतलं होतं पण वर्गात घेतलं नव्हतं. दाराबाहेरच्या दगडी ओट्यावर बसायचं, आतला आवाज ऐकायचा, आणि धुळीत बोटानं गिरवायचं. पाटी तपासायची तर मास्तर लांबूनच बघायचे. धम्म घेतल्यावर आमच्या घरातला देव्हारा गेला आणि त्या कोनाड्यात पुस्तकं आली, ती आबांनी आणलेली. आमच्या घरात शाळा ही देवाच्या जागेवर बसलेली होती, आणि सून म्हणून आलेल्या मी ती उठवली होती.

"कावून काढलं बारक्याला शाळंतून?" त्यांनी विचारलं.

"आबा, लेकरू भेतंय. ताप येतोय त्याला."

"आमी भेत नव्हतो का? भेतभेतच शिकलो की."

"तुमी भेत शिकला म्हणून त्यानंबी भेतच शिकायचं का?"

ते गप्प झाले. आबा बोलले तर उत्तर देता यायचं. आबा गप्प झाले की घरातली भांडीसुद्धा हळू ठेवावी लागायची. दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली, तशी त्यांनी कपाटातला काळा कोट काढला, जयंतीला घालायचा तो, अंगात चढवला आणि काठी घेतली.

"कुठं निघाला आबा?"

"शाळंला."

"आता शाळंत काय काम काढलं?"

"घरातलं कुनीतरी गेलं पायजे," ते म्हणाले, आणि गेले.

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत राग उतरेल. पण आबा रोज जायला लागले. जुन्या इमारतीचा तो दगडी ओटा अजून तसाच होता. दाराच्या डाव्या अंगाला, लहानपणी बसायचे त्याच जागी ते बसायचे. हेडमास्तरांनी आतून खुर्ची आणून ठेवली. आबांनी हात जोडले आणि खाली ओट्यावरच बसले. वर्गात हजेरी चालायची. शेवटचं नाव झालं की गुरुजी दाराबाहेर बघायचे आणि पोरं एका सुरात म्हणायची, "आबा हजर." पहिल्यांदा चेष्टेत म्हणाली असतील. पुढं तो रोजचा पाठ झाला. दुपारी आबा फडक्यातली भाकरी तिथंच खायचे, आणि शाळा सुटल्यावर पोरांच्या घोळक्याबरोबर घरी यायचे.

माझी काय दशा झाली असेल ते सांगायला नको. सगळ्या गावात एकच बोलणं, सुनेनं म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं. ते तरी खोटं होतं, त्याला उत्तर होतं. पण पौर्णिमेला विहारात गेले तर आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्या बाईनं माझा हात हातात घेऊन विचारलं, "दुसऱ्यांनी काढलं असतं तर भांडलो असतो गं. आपल्याच बाईनं आपली लेकरं शाळंतून काढली, तर कुनाशी भांडावं?" मला तिचा राग आला, मी हात सोडवून घेतला. आबांचं चूक होतं असं मी म्हणू शकत नव्हते, आणि माझं चूक आहे असं मला मुळीच वाटत नव्हतं. दोघांचं बरोबर असलं की घरात जो कोंडमारा होतो, तसा भांडणानं होत नाही.

त्यात ते साल. पाऊस पोळ्यापर्यंत हुलकावण्या देत राहिला आणि नंतर आलाच नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं यांचं दुकान बसलं. विहिरीत पाणीच नाही तर मोटार चालणार कशी, आणि चाललीच नाही तर जळणार कशी? हे दुकानात तारेची रिळं पुसत बसायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "आपल्या गरजा कमी आहेत म्हणून बरं." मी ऐकून घ्यायचे. ज्याला गरजा कमी म्हणतात त्यातली प्रत्येक गरज माझ्या कमरेवरून विहिरीवरून येत होती. सारवायला पाणी, मातीच्या घागरी रोज धुवायला पाणी, हातानं धुवायच्या कपड्यांना पाणी. शेजारच्या कौसाबाईंच्या घरात फरशी होती, ती ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची की झालं. माझी सारवलेली जमीन पोपडे धरून उडायला लागली. त्याच जमिनीवर खडूनं गणितं मांडायची हा माझा मोठा शैक्षणिक प्रयोग होता. मातीवर खडू उमटेना, आणि उमटला तर वाऱ्यानं गणितच उडून जायचं.

एकदा मी पोरांना पाण्याचं चक्र शिकवत होते. समुद्राची वाफ होते, वाफेचे ढग होतात, ढगांचा पाऊस, पावसाची नदी, नदी पुन्हा समुद्राला. सिद्धूनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग आपल्याकडचं कुठं अडकलंय?" अडखळत विचारलं, पण पुरं विचारलं. करुणा तोंडाला ओढणी लावून हसली. मी सांगितलं, "धडा संपला, घागरी घ्या."

टँकर यायचा तो गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि मग सगळ्या गावाचे पोहरे एकदम आत. पण तो कधी येईल याचा भरवसा नाही. सकाळी, दुपारी, ज्या दिवशी ड्रायव्हरला वाटेल तेव्हा. म्हणून घागरी पहाटेच रांगेला लावायच्या आणि कुणीतरी राखण बसायचं. आधी कौसाबाई आल्या. "ताई, तुमची पोरं रिकामीच हायेत न्हवं? आमचं पोरगं शाळंत गेलंय. एवढी घागर बघा म्हनावं." मी म्हटलं, "कौसाबाई, त्यांची शाळा चालू आहे." त्यांनी ओसरीवर बसलेल्या माझ्या पोरांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "व्हय, व्हय. पर घरीच हायेत न्हवं?"

दोन-चार दिवसांत सगळ्या गल्लीच्या घागरी माझ्या पोरांच्या हवाली झाल्या. कुणावर रागावताही येत नव्हतं, कारण कुणाच्या मनात वाईट नव्हतंच. त्यांच्या हिशेबी ज्या पोराच्या पाठीवर दप्तर नाही ते पोर मोकळं. मी रांगेतच धडा घ्यायला लागले. उन्हात डोक्यावर पदर घेऊन मी अपूर्णांक शिकवतेय, मध्येच कुणी ओरडतंय, "अगं माझी पुढं सरकव," आणि माझी करुणा उठून दुसऱ्याची घागर पुढं सरकवतेय. शिक्षणाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एकदा येऊन हे बघायला पाहिजे होतं.

मग मला एक खूळ सुचलं. आमचा भाग सहकाराचा. दूध सोसायटी सहकारी, पतपेढी सहकारी, बंद पडली ती गिरणीसुद्धा सहकारी. मग शाळा का नको? बचत गटाच्या बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, प्रत्येकीनं एक दिवस घ्यायचा. कुणी शिवण शिकवा, कुणी बियाणं निवडायला शिकवा, कौसाबाई भजन शिकवतील, घागरी आळीपाळीनं राखू. सगळ्यांना पटलं. दूध सोसायटीच्या चेअरमननी उद्घाटनाला यायचं कबूल केलं आणि नारळ फोडून गेलेही. दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नाही. त्यांच्या कडेवरची लेकरं मात्र आली, कारण आता दारात पोरं सांभाळायची सोय झाली होती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. दोन शिकणारी पोरं, भोवती चार रडणारी, आणि पुढं गल्लीच्या घागरी. सहकार म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. एकानं राबायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

हे सगळं चालू असताना करुणा एका सकाळी वेणी घालून, जुना गणवेश घालून पुढं उभी राहिली. गणवेश आखूड झाला होता. म्हणाली, "आई, मी आबांबरोबर जाऊ?" मी विचारलं, "घरी काय कमी आहे?" ती म्हणाली, "घरी मैत्रिणी न्हाईत." एवढंच. मला त्या क्षणी फार राग आला. तिच्या जिवासाठी मी हाडाची काडं करत होते, असं मला वाटत होतं, आणि तिला हवी होती शेजारी बसून चिंच चोखणारी कुणीतरी. पण बारा वर्षांच्या पोरीला तेच हवं असणार, हे कळायला डी.एड. लागत नाही. मी म्हटलं, "जा."

मला वाटलं, आता तरी आबा उठतील. पोरगी आत जाऊन बसली, हजेरीत तिचं नाव आलं. आबा तिथंच ओट्यावर. मी पाण्याला जाता जाता त्यांच्यापुढं उभी राहिले. विहीर शाळेच्या समोरच होती, येता-जाता त्यांच्या नजरेखालून जावंच लागायचं. म्हटलं, "आबा, नात बसली आत. चला आता घरी."

"बारकं ऱ्हायलंय अजून," ते म्हणाले.

"ते न्हाई येणार. मी पाठवणार न्हाई त्याला."

"मंग मी हाय हितंच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी मोडून काढला असता. मी घागर उचलली. त्या दिवशी घरी येऊन मी चुलीवरचं पिठलं करपवलं, यांच्यावर ओरडले, आणि हे म्हणाले, "शांतपणे घे. आपण साधं जगायचं ठरवलंय ना?" त्या वेळी माझ्या हातात लाटणं नव्हतं हे बरं झालं.

त्यानंतर सिद्धू आणि मी, दोघंच उरलो. खरं सांगते, ते दिवस चांगले होते. बाहेर सगळं भाजून निघत होतं, पण तो लिंबाखाली बसून हळूहळू वाचायचा आणि मी तांदूळ निवडत ऐकायचे. अडकला की मी शब्द पुरवायचा नाही, हा माझा एकच नियम. तो मोडायची मला रोज इच्छा व्हायची. ओठ मिटलेले, शीर ताठ, आणि मी जीभ दातांखाली धरून बसलेली. मग शब्द सुटायचा. त्याला घाई करणारं कुणी नव्हतं. शाळेला जे जमलं नाही ते एवढंसंच होतं, थांबणं. आज सिद्धू मोठा झालाय, पुढं हायस्कूलला आपल्या पायांनी गेला, आता नोकरीला आहे. अजूनही अडखळतो. फोनवर लोक घाईनं त्याचं वाक्य पुरं करतात. तो त्यांना पुरं करू देतो, आणि मग आपलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. मला ते बघून फार बरं वाटतं.

दुपारची भाकरी आबांना पोचवायचं काम त्याच्याकडं होतं. शाळेच्या आवारात तो पाय ठेवायचा नाही. ओटा रस्त्याला लागून होता, तेवढ्यापुरता जायचा, फडकं ठेवायचा आणि पळत सुटायचा. मग कधीतरी बसायला लागला. आबा त्याला अर्धी भाकरी द्यायचे. दोघं काही बोलायचे नाहीत. एक बोलायला भिणारा आणि एक बोलून झालेला. शाळा सकाळची झाली तशी दुपारची भाकरी सकाळची झाली, आणि आजोबा-नातवाची गाठ विहिरीवरच्या गर्दीच्या ऐन वेळेला पडायला लागली.

त्या सकाळी टँकर लवकर आला होता. मी पोहरा ओढत होते. समोर ओट्यावर दोघं भाकरी खात बसलेले. ओट्याच्या समोर दूध सोसायटीची खोली, तिच्यावर निळ्या रंगात मोठी पाटी. दूध आटल्यामुळं दारात रिकामे कॅन आणि रिकामी माणसं बसलेली. सिद्धूनं भाकरी खाली ठेवली, उभा राहिला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "सहकारी दूध उत्पादक संस्था," इथपर्यंत सावकाश आला. पुढं 'मर्यादित'. 'म' वर ओठ मिटले. सोसायटीच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "मर्यादा आली बे त्याची," आणि हसू फुटलं. विहिरीवरही एकदोघी हसल्या. माझ्या हातातला दोर सुटला, पोहरा खाली गेला. आता हे पोर पळत सुटणार आणि उद्यापासून पुन्हा ताप.

सिद्धू पळाला नाही. हसणं थांबेपर्यंत थांबला. मग त्यानं पाटीकडं बघून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, सहकारी, दूध, उत्पादक, संस्था, आणि 'म' पाशी आला, अडकला, पुन्हा कुणीतरी फिसकन हसलं, आणि तो तिथंच उभा राहून शब्द सुटेपर्यंत त्या पाटीकडं बघत राहिला. सुटला. मर्यादित. मग खाली बसून त्यानं उरलेली भाकरी खाल्ली.

आबा उठले. काठी घेतली, कोट झटकला, आणि ओट्यावरून खाली उतरून विहिरीच्या अंगानं चालायला लागले. आत पाढे चालू होते. ते माझ्यापाशी आले तेव्हा मी घाबरले. उन्हाचं काही झालं का, छातीत दुखतंय का. इतक्या दिवसांत ते कधी असे मधूनच उठले नव्हते.

"काय झालं आबा? अजून घंटा व्हायचीय."

"त्यांची व्हायचीय," आबा म्हणाले. "माझी शाळा सुटली."